एकाच सायकलची दोन मापं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उंची १७३ सेंटिमीटर. बारा वर्षं २६ इंची चाकांची, १७ इंची फ्रेमची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) चालवलीत. यंदा २९ इंची चाकांची, १४० मिमी प्रवासाची (म्हणजे सस्पेन्शन तेवढं दबणारी) फुल सस्पेन्शन ट्रेल बाईक, म्हणजे पुढे-मागे सस्पेन्शनची डोंगरवाटांची सायकल, घेतलीत, एम साइज. घरापासून टेकडीपर्यंत वीस किलोमीटर डांबरी रस्त्यानं जाता. बसलात की सायकल आखूड वाटते, उभे राहिलात की लांब वाटते. रस्त्यावर तळहातांना मुंग्या येतात, हळू चढावर पुढचं चाक भरकटतं आणि उतारावर मुरमाच्या वळणात तेच चाक सुटतं. सीट मागे घेऊ का, लांब स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) टाकू का, की मुळात एल साइजच घ्यायला हवी होती, असं तुम्ही विचारलंय.

तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नको' असं आहे. पण नुसतं नको म्हणून भागणार नाही, कारण तुम्हाला जे जाणवतंय ते अगदी खरं आहे. बसल्यावर आखूड आणि उभं राहिल्यावर लांब, हा भास नाही. तुम्ही पाठवलेले दोन्ही सायकलींचे आकडे मांडून बघितले, तर तेही हेच सांगतात.

उभे असताना तुमचं शरीर सायकलला दोनच ठिकाणी टेकतं: पाय पायडलवर आणि हात हँडलवर. सीटचा तिथं काही संबंध येत नाही. बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचे दांडे फिरतात त्या धुरीच्या) मध्यापासून हेडट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) वरच्या तोंडापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच, आणि उभं अंतर म्हणजे स्टॅक. उभं राहायचं माप या दोनांवर ठरतं. बसलात की सीट मध्ये येते आणि ती कुठे येते हे सीट अँगल, म्हणजे सीटच्या नळीचा जमिनीशी असलेला कोन, ठरवतो. जुन्या सायकलींत ही दोन मापं बरोबरीनंच वाढायची किंवा कमी व्हायची, म्हणून आपण टॉप ट्यूब (फ्रेमची वरची नळी) बघून मोकळे व्हायचो. नव्या जॉमेट्रीत ती एकमेकांपासून सुटली आहेत.

तुमच्या जुन्या सायकलीचा रीच ३९५ मिमी, स्टॅक ५७५, सीट अँगल ७३ अंश. त्यावरून बसण्याची आडवी लांबी, म्हणजे ज्याला इफेक्टिव्ह टॉप ट्यूब म्हणतात ती, ५७१ मिमीच्या आसपास येते. त्यात १०० मिमीचा स्टेम मिळवा: ६७१. नव्या सायकलीचा रीच ४५५, स्टॅक ६२०, सीट अँगल ७७. इफेक्टिव्ह टॉप ट्यूब ५९८, स्टेम ५० मिमी: ६४८. म्हणजे रीच ६० मिमीनं वाढला, आणि तरी सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर २३ मिमीनं घटलं. तुमची तक्रार नेमकी हीच आहे. ती फक्त मिलिमीटरमध्ये मांडली.

कागदावरच्या आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर घरी मोजा. गवंड्याचा ओळंबा आणि खडू पुरे. सपाट फरशीवर सायकल भिंतीला टेकवून सरळ उभी करा. हेडट्यूबच्या वरच्या तोंडाच्या मध्यावरून ओळंबा सोडा, जमिनीवर खूण करा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यावरून सोडा, दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर हा तुमचा रीच. मग सीटच्या मध्यावरून सोडा, तिसरी खूण. माझ्याकडे फिटिंगला आलेल्या प्रत्येकाला मी आधी जुनी सायकल अशी मोजायला लावतो, मग नवी, दोन वेगळ्या रंगांच्या खडूनं. बॉटम ब्रॅकेटची खूण एकावर एक ठेवली की बाकीच्या खुणा पुढे सरकलेल्या डोळ्यांना दिसतात: हेडट्यूब बरीच पुढे आणि सीटही तिच्यामागोमाग पुढे. तुमच्या बाबतीत सीट जवळजवळ ५ सेंटिमीटर पुढे आली आहे. ७२० मिमी उंचीची सीट ७३ अंशांवर बॉटम ब्रॅकेटच्या २१० मिमी मागे असते, ७७ अंशांवर १६२.

सीट इतकी पुढे का आणली, याचं उत्तर चढावर मिळतं. १५ टक्क्यांचा चढ म्हणजे साडेआठ अंश. त्यात फुल सस्पेन्शन सायकल चढावर मागे बसते. १४० मिमी प्रवास आणि ३० टक्के सॅग (स्वाराच्या वजनानं सस्पेन्शन जेवढं दबतं ते) धरला, तर मागची बाजू ४२ मिमी खाली जाते, पुढचा चिमटा (फोर्क) जवळपास मोकळाच राहतो आणि सगळी सायकल आणखी २ अंश मागे झुकते. ७७ अंशांची सीट अशा वेळी खऱ्या अर्थानं ६६ किंवा ६७ अंशांवर आलेली असते. जुन्या ७३ वर तुम्ही ६२-६३ वर बसला असता, म्हणजे जवळजवळ मागच्या चाकावर. आता यावर सीट मागे ढकललीत तर काय होईल, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दर १० मिमीला पाऊण अंशाहून थोडं जास्त जातं. सीटखालच्या रेल्वर २० मिमी मागे घेतलीत की पैसे मोजून घेतलेला सीट अँगल दीड अंशानं परत केलात, आणि चढावर भरकटणारं चाक अजून भरकटेल. सपाटीवर बरं वाटावं म्हणून तुम्ही चढ बिघडवून घ्याल.

याच संदर्भात एक गोष्ट सांगतो, कारण स्पेक वाचताना इथं फार लोक फसतात. छापलेला सीट अँगल हा इफेक्टिव्ह असतो, म्हणजे हँडलच्या पातळीइतक्या उंचीवर मोजलेला. फुल सस्पेन्शनमध्ये शॉकला जागा करायला सीट ट्यूब पुढे वाकवलेली किंवा बॉटम ब्रॅकेटच्या पुढून काढलेली असते, आणि तिचा खरा कोन बराच आडवा असतो. जितकी सीट वर काढाल तितकी ती मागे जाते. लांब पायांच्या माणसाला ७७ चे प्रत्यक्षात ७५ मिळतात. तुमचे पाय मध्यम लांबीचे आहेत, तुम्हाला छापलेला आकडा जवळपास पूर्ण मिळतोय.

आता तळहात. सपाटीवर माणूस सीटवर बसतो तेव्हा पाय खाली दाबल्याच्या उलट बळानं धड थोडं उचललं जातं. सीट पुढे असली की हा आधार कमी होतो आणि उरलेलं वजन हातांवर येतं. त्यात तुम्ही ६४० मिमीच्या हँडलवरून एकदम ८०० वर आला आहात. हात फाकले की खांदे पुढे ओढले जातात. शिवाय ज्यांना चढ आवडतो ते सीटचं नाक किंचित खाली करतात, तेही तुम्ही केलंय असं फोटोत दिसतंय. डांबरी रस्त्यावर तुम्ही सतत पुढे घसरता आणि तळव्यांनी स्वतःला थोपवून धरता. मुंग्या तिथून येतात. नाक पाण्याच्या पातळीला आणा, फार तर अर्धा-एक अंश खाली. हँडल दोन्ही बाजूंनी २० मिमी कापून ७६० करा. पण कापण्याआधी ग्रिप आणि ब्रेक लिव्हर आत सरकवून आठवडाभर चालवा, कापलेली नळी परत जोडता येत नाही. ब्रेक लिव्हर जरा आडवे करा. तुमचे लिव्हर जमिनीकडे बघतायत, त्यामुळे मनगट दुमडतं.

आणि हँडल उंच करा. इथं दोन रस्ते आहेत आणि ते सारखे नाहीत. हेडट्यूब ६५ अंशांवर झुकलेली असल्यानं तिच्यावर १० मिमीचा स्पेसर (स्टेमखाली घालायची कडी) टाकलात की हँडल ९ मिमी वर जातं आणि ४ मिमी मागे येतं. ३० मिमी स्पेसर म्हणजे रीचमधले जवळपास १३ मिमी गेले. जास्त राइजचं (मध्यापेक्षा टोकं जास्त उंच असलेलं) हँडल घेतलंत तर उंची मिळते आणि ते स्टेममध्ये फिरवून हात पुढे-मागे कुठे हवेत ते तुमच्या हाती राहतं. तुम्हाला बसून आधीच आखूड होतंय, म्हणून २० मिमीऐवजी ३५ मिमी राइजचं हँडल घ्या, स्पेसरचा ढीग लावू नका.

लांब स्टेमचा मोह मी समजू शकतो. माझ्या पहिल्या लांब रीचच्या सायकलीवर मीही ८० मिमीचा स्टेम लावला होता, बसायचं अंतर जुन्यासारखं यावं म्हणून. बसायला छान झाली. पहिल्याच उतारावर, ओढ्यात उतरणाऱ्या वळणावर, हँडल वळवलं आणि दोन्ही हात वळणाच्या बाहेर फेकल्यासारखे एका बाजूला गेले. आडव्या हेड अँगलला (हेडट्यूबच्या जमिनीशी असलेल्या कोनाला) आखूड स्टेम लागतो तो याचसाठी. हात वळणाच्या अक्षाजवळ असले की चाक जसं वळतं तसे हात जागीच फिरतात. लांब स्टेमवर ते कमानीतून सरकतात, आणि अशा सायकलीच्या जड, शांत स्टिअरिंगवर ते सरकणं अडखळत होतं. तो स्टेम मी त्याच संध्याकाळी काढला.

चढावर चाक भरकटतं त्याचं मूळ हेड अँगलमध्ये आहे. सायकल सीटला धरून उभी करा, हँडल मोकळं सोडा आणि सायकल जराशी डावीकडे कलवा. जुन्या सायकलीचं चाक हळूच वळेल. नव्याचं एकदम धपकन पडेल. वळणाचा अक्ष जमिनीला जिथं टेकतो त्या बिंदूच्या मागे टायर जमिनीला टेकतो, आणि या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. ७१ अंश, २६ इंची चाक आणि ३८ मिमी ऑफसेटला (चाकाचा मध्य वळणाच्या अक्षाच्या जितका पुढे असतो ते अंतर) तो साधारण ७५ मिमी होता. तुमच्या ६५ अंश, २९ इंची चाक आणि ४४ मिमी ऑफसेटला तो सव्वाशेच्या घरात आहे. वेगात असताना हाच ट्रेल चाकाला सरळ ओढून धरतो, दगडावर आपटलं तरी हँडल हातातून हिसकावलं जात नाही. पण ताशी चार-पाच किलोमीटरवर दुसरा परिणाम वरचढ होतो: चाक वळलं की सायकलचं तोंड थोडं खाली बसतं आणि चाकाला आणखी वळावंसं वाटतं. हे बसणं तुमच्या जुन्या सायकलीच्या दुप्पट आहे. ते एखादा सुटा भाग बदलून दुरुस्त करता येत नाही, ते हातापायानं सांभाळायला शिकावं लागतं. सीटच्या नाकाकडे सरका, छाती खाली, कोपरं खाली, एक गिअर जड ठेवून पायडल गोल आणि सलग फिरवा, आणि नजर चाकापासून चार-पाच मीटर पुढे. चाकाकडे बघत दुरुस्त्या करत बसलात तर प्रत्येक दुरुस्ती पुढची दुरुस्ती मागते. आणि मागच्या शॉकची हवा आधी तपासा. ३० ऐवजी ३५ टक्के सॅग असेल, तर हेड अँगल आणखी आडवा करून तुम्ही चढताय.

हे सगळं आलं कुठून, हेही थोडं सांगतो, कारण त्यानं आकड्यांमागचं कारण कळतं. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत रीपॅक नावाच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या, तेव्हा जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या श्विन एक्सेलसिअर फ्रेम वापरत होती. त्या फ्रेमचा हेड अँगल चांगला आडवा होता. पुढे शर्यती चढाच्याही झाल्या, बसायची ढब रोड सायकलवरून आली आणि हेड अँगल ७१, सीट अँगल ७३ ही जोडी ठरून गेली. पण उतारावर सीट अडचण करते हे त्या लोकांना तेव्हाही ठाऊक होतं. १९८४ मध्ये ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी हाइट-राइट नावाची स्प्रिंग काढली, तिनं चालत्या सायकलीवर सीट खाली-वर करता यायची. बसायचं आणि उभं राहायचं माप वेगळं आहे ही समज तिथपासूनची आहे. २०१० मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा रिव्हर्ब हा खाली-वर होणारा सीटपोस्ट आला आणि हँडलवरच्या बटणानं सीट खाली घेणं हळूहळू नेहमीचं झालं. मग २०१२ मध्ये मोंड्रेकर कंपनीनं डिझायनर सेझार रोहो आणि शर्यतपटू फाबियँ बारेल यांना घेऊन रीच बराच लांबवला आणि स्टेम थेट १० मिमीवर आणला. लोकांना ते तेव्हा विचित्र वाटलं होतं. ब्रिटनच्या ख्रिस पोर्टरनं निकोलाय कंपनीबरोबर त्याच्याही पुढे जाऊन बघितलं. २०१७ मध्ये ट्रान्झिशन कंपनीनं आडवा हेड अँगल, कमी ऑफसेटचा चिमटा आणि उभा सीट अँगल एकत्र बसवले. तुमची सायकल त्याच घराण्यातली आहे. तुमची जुनी सायकल चढाला केंद्रस्थानी धरून बनली होती आणि उतार सोसत होती. ही सायकल उताराला केंद्रस्थानी धरून बनली आहे आणि सीट अँगलच्या जोरावर चढते.

मुरमाच्या वळणात सुटणारं चाक ही मला तुमची सगळ्यात गंभीर अडचण वाटते, कारण त्यात माणूस पडतो. आपल्याकडचा मुरूम उन्हाळ्यात कडक जमिनीवर सुटा पसरलेला असतो. खळ्यात सांडलेल्या ज्वारीवरून चालावं तसं त्यावर टायर चालतं. आपण सगळे जुन्या सायकलीवर एकच धडा शिकलो: उतार आला की बूड मागे. तेव्हा ते बरोबर होतं. चाकांमधलं अंतर १०७० मिमी, उंच सीट मध्ये, पुढून उलटायची भीती खरी होती. तेव्हा पूर्ण वजन पायडलवर दिलं तर त्यातलं सुमारे ४० टक्के पुढच्या चाकावर पडायचं. तुमच्या नव्या सायकलीचं अंतर १२१५ आहे, मागची चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतची लांबी) मात्र ४३५ म्हणजे जुन्याहून जेमतेम १० मिमी लांब. सगळी वाढ पुढच्या बाजूला झाली. परिणामी पायडलवर सरळ उभे राहिलात तरी पुढे ३५-३६ टक्केच जातात. वर जुन्या सवयीनं मागे झुकलात की पुढचं चाक जमिनीवर नुसतं ठेवल्यासारखं होतं, आणि वळणात ते कशाला धरेल?

म्हणून उभं राहायची ढब बदला. टाचा थोड्या खाली, वजन तळपायांत, कंबरेतून वाका, हनुवटी स्टेमच्या वर, कोपरं बाहेर आणि वाकलेली. उतार तीव्र झाला की शरीर मागे गेल्यासारखं दिसेल, पण ते सायकल पुढे कलली म्हणून. कोपरं सरळ झाली की समजा तुम्ही परत मागे गेलात. सुरुवातीला हँडलवरून पुढे पडू असं वाटतं. ते दोन-तीन आठवड्यांत जातं. ओळखीच्या, रुंद, न घाबरवणाऱ्या एकाच वळणावर दहा-दहा वेळा करा. तुमच्या ७० किलो वजनाला ट्यूबलेस असेल तर हवेचा दाब पुढे २१-२२ आणि मागे २४-२५ पीएसआय पासून सुरू करा. तुम्ही ३५ भरताय असं लिहिलंय, ते या टायरला फार आहे. निम्मं घसरणं तिथंच कमी होईल.

एल साइजबद्दल. त्याच सायकलीच्या एलचा रीच ४८० आणि चाकांमधलं अंतर १२४५ च्या आसपास येतं, चेनस्टे तीच ४३५. बसून तुम्हाला ती जुन्यासारखी ऐसपैस वाटली असती, दुकानात तर नक्कीच आवडली असती. पण उभं राहिल्यावर आणखी २५ मिमी लांब, आणि पुढचं चाक अजून हलकं. सपाट, वेगवान ट्रेलसाठी १७३ सेंटिमीटरचा माणूस एल घेऊ शकतो. आपल्या टेकड्यांवरच्या आखूड, हळू, दगडातून वळणाऱ्या वाटांसाठी मी एमच देईन. फ्रेम मोठी होते पण चेनस्टे तेवढीच राहते, याचा त्रास उंच माणसांना जास्त होतो. १९० सेंटिमीटर उंचीच्या ग्रेग मिनार या शर्यतपटूनं आपल्या डाउनहिल (उतार-शर्यतीच्या) सायकलीची मागची बाजू मुद्दाम लांब करून घेतली होती, आणि तशाच सायकलीवर २०२१ मध्ये इटलीतल्या व्हाल दी सोलेला तो जगज्जेता झाला. आता नॉर्कोसारख्या काही कंपन्या साइजप्रमाणे चेनस्टे बदलतात. ते मला अगदी योग्य वाटतं.

उलट टोकाचं उदाहरण द्यायचं तर, १५६ सेंटिमीटर उंचीच्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. एस साइज, रीच ४३०, हँडल ७८०. त्यांनाही वळणात पुढचं चाक सुटायचं, आणि सगळे त्यांना 'पुढे व्हा, पुढे व्हा' म्हणत होते. त्यांना उभं राहायला सांगितलं तर कोपरं पूर्ण सरळ, वाकायला जागाच नव्हती. अशा माणसानं पुढे व्हायचं कसं? हँडल ७२० केलं, स्टेम ५० चा ३५ केला, २० मिमी स्पेसर दिले. कोपरं वाकली. पुढचं त्यांचं त्यांना जमलं. स्पेसर नको असं मी तुम्हाला सांगितलं आणि त्यांना दिले, कारण त्यांना रीच कमी करायचा होता आणि तुम्हाला नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर डांबर आणि टेकडीवर सात-आठ, असा तुमचा रविवार असेल तर ७७ अंशांची सायकल तुम्हाला रस्त्यावर पूर्ण आरामशीर कधीच वाटणार नाही. वर सांगितलेलं सगळं केलंत तर मुंग्या जातील, पण जुन्या सायकलीसारखं पसरून बसणं येणार नाही. मला आधी विचारलं असतंत तर ६७ अंश हेड आणि ७४-७५ सीट अँगलची, १२० मिमी चिमट्याची हार्डटेल सुचवली असती. हार्डटेलवर फक्त पुढचा चिमटा दबतो, त्यामुळे तिचे दोन्ही कोन वजन आल्यावर जवळपास एका अंशानं उभे होतात. कागदावरचे ७४ तिथं ७५ सारखे चालतात. जमलं तर सायकल गाडीच्या कॅरिअरवर टाकून टेकडीच्या पायथ्याशी न्या. ही सायकल तिथून पुढे तुम्हाला फार आनंद देईल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता क्रम. पहिल्या आठवड्यात फक्त हवा: टायर, मागचा शॉक, पुढचा चिमटा. दुसऱ्या आठवड्यात सीटचं नाक सरळ, ब्रेक लिव्हर आडवे, ग्रिप २० मिमी आत. त्यानंतरही तळहात कुरकुरत असतील तर जास्त राइजचं हँडल. सीट रेल्वर अगदीच हवी वाटली तर ५ मिमी मागे, त्यापुढे नाही. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाआधी जुन्या जागेवर चिकटपट्टीची खूण, म्हणजे परत येता येईल. स्टेमच्या वर उरलेली स्टिअरर ट्यूब (चिमट्याची वर येणारी नळी) दुकानात 'कापून देऊ का' म्हणून विचारतील. दोन महिने कापू देऊ नका.